पाटीवरचा गहू

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्याला तीन वर्षं उलटून गेली होती. तेवढ्या काळात जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या, खुर्च्या मिळाल्या, उस्मानाबादहून निम्म्याशिम्म्या फायलीही मिळाल्या. पाऊस तेवढा मिळायचा राहिला. त्याची फाईल अजून उस्मानाबादेतच पडून असणार, असं मलप्पा येत्याजात्याला सांगत आणि स्वतःच हसत. यंदाच्या येळवशीला, म्हणजे रानात जाऊन पीक पुजायच्या मार्गशीर्षातल्या अवसेला, मात्र त्यांना हसू येत नव्हतं. सकाळच्या उन्हात, कपाळाला भस्म लावून, आपल्याच रानाच्या बांधावर उभे राहून ते थोरल्या मुलाला पाटी उपटताना बघत होते.

थोरला मन्मथ लातूरला शेतीखात्याच्या कचेरीत अधिकारी होता. टेरिकॉटची पँट, पायात बूट, आणि दोन्ही हातांनी धरलेला लोखंडी खांब. खांबावर हिरव्या पत्र्याची पाटी. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कमी पाण्यावर शाश्वत गहू उत्पादन, आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रकल्प, सुधारित वाण.’ पाटीमागच्या अर्ध्या एकरात शाश्वत म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे ढेकळं. मधूनमधून चार वाळक्या काड्या उभ्या होत्या, त्या बहुधा सहकार्याच्या.

शेजारच्या अर्ध्या एकरात गहू कमरेला लागत होता. ओंब्या बाहेर पडल्या होत्या आणि त्यांची लांब कुसळं काळी पडायला लागली होती. त्या गव्हापुढं लहानशी पाटी होती, ‘स्थानिक वाण, तुलनेसाठी.’

मन्मथनं मोठी पाटी गव्हापुढं रोवली, लहान पाटी ढेकळांपुढं रोवली आणि रुमालानं हात पुसले. दोन वर्षांचा प्रकल्प पाव तासात यशस्वी झाला.

“अप्पा, तुमी तिकडं बगू नका.”

“कामून? रान माझंच हाय की.”

“बगितलं की मग तुमाला मालूम हाय असं होतंय.”

“मालूम तर हायच,” मलप्पा म्हणाले, पण मान वळवली. घरातला शिकलेला पोरगा सांगतो तेव्हा मान वळवावी लागते. नाहीतर शिकवला कशाला?

झालं होतं ते असं. प्रकल्पाचं बी कुठल्याशा बर्फाळ देशाच्या मदतीनं तयार झालेलं, गुलाबी औषध चोळलेलं, पिशवीवर दोन देशांचे झेंडे छापलेले. ती पिशवी उस्मानाबादच्या गोदामात होती. लातूरहून चिठ्ठी गेली, तिच्यावर शिक्का जुन्या जिल्ह्याचा होता म्हणून परत आली. नवा शिक्का करायला टाकला. शिक्का आला तेव्हा दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या होत्या आणि रानातली ओल कधीच उडाली होती. तरी बी पट्टीनं मोजून, ठरल्या खोलीवर पेरलं. ते लाजेकाजेस्तव उगवलं आणि पंधरा दिवसांत वाळून गेलं. मन्मथच्या जगदेवीआत्यानं मात्र हस्त नक्षत्राच्या ओलीवर, कुणाच्या शिक्क्याची वाट न बघता, आपल्या काळकुसळ गव्हाचं बी पेरून घेतलं होतं. पेरलं त्या दिवसापासून त्याला पाण्याचा थेंब दिला नव्हता. द्यायला नव्हताच.

आज प्रकल्पाची बाई पाहणीला येणार होती. जिथं सुधारित वाण साधलं असेल त्या शेतकऱ्याला बक्षीस म्हणून प्रकल्पाच्या खर्चानं बोर पाडून मिळणार होती. कमी पाण्यावर पीक काढून दाखव, मग तुला पाणी देतो. ही अक्कल बर्फाळ देशातून आली की मुंबईतून, यावर गावात दोन मतं होती. मलप्पांची विहीर दसऱ्यालाच तळाला गेली होती, म्हैस औशाच्या पाहुण्यांकडं नेऊन बांधली होती, आणि प्यायचं पाणी दोन दिवसांआड टँकरनं येत होतं. त्यामुळं मलप्पांनी दोन्ही मतं सोडून दिली होती. त्यांना बोर पाहिजे होती.

मन्मथला आणखी एक गोष्ट पाहिजे होती. ज्याच्या हद्दीतला तुकडा पास, त्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांचं परदेशी प्रशिक्षण. आणि नापास झाला तर? वरच्या साहेबांनी तेही हसत हसत सांगितलं होतं, “किनवटला जागा रिकामी आहे. जंगल चांगलं आहे तिथलं.”

जगदेवी आली ती डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन. मलप्पांची ही थोरली बहीण. सतराव्या वर्षी उदगीरकडच्या सासरहून विधवा होऊन परत आली, तेव्हा तिच्या अंगावर दागिना नव्हता आणि हातात भांडं नव्हतं. पदराच्या गाठीत ह्या गव्हाचं बी होतं. तेवढंच तिला घेऊ दिलं होतं. पुढं मलप्पांची बायको धाकट्या शंकरप्पाच्या बाळंतपणात गेली, तेव्हा दोन्ही पोरं हिनंच वाढवली. चाळीस वर्षं ती हे बी दर साली निवडून, राख आणि लिंबाचा पाला घालून कणगीत ठेवत आली. मागच्या दुष्काळात सगळं गेलं आणि तीन पायली बी उरलं. ते तीन पायली बी आता सगळंच्या सगळं रानात उभं होतं. कणगी रिकामी होती.

तिनं मडकं उतरवलं आणि पाट्यांकडं बघितलं. वाचता येत नव्हतं, पण मोठी कुठली आणि लहान कुठली हे कळायला शाळा लागत नाही.

“माझ्या गव्हाम्होरं त्यांची पाटी कामून लावली रे?”

“अक्का, आजच्या दिवस,” मलप्पा म्हणाले. “बाई येईल, बगंल, जाईल. उद्या पाटी जागच्या जागी.”

“येळवशीला रानात खोटं करत न्हाईत.”

“खोटं कुठं हाय आत्या?” कडब्याची कोप, पूजेची झोपडी, बांधता बांधता शंकरप्पा म्हणाला. रान तोच कसत होता आणि बोरची घाई सगळ्यात जास्त त्यालाच होती. “पाटी खोटी हाय. गहू तर खराच हाय की.”

जगदेवीनं मन्मथकडं बघितलं. तो बुटाला लागलेली माती पाटीच्या खांबावर घासत होता.

“निस्ती पाटीच ना?”

“पाटीच आत्या. तुज्या गव्हाला कोन हात लावत न्हाई.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पाटी काय गहू खात न्हाई.”

*

कोपीत पाच पांडव मांडले गेले. चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पण आज त्यांच्यावर सगळ्या घराची भिस्त होती. मन्मथची बायको शिवकांता भज्जीचं पातेलं ढवळत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचं सामान बांधत होती. येळवशीच्या भज्जीत सोळा भाज्या पडायला पाहिजेत. यंदा सहा होत्या, त्यातल्या दोन लातूरच्या बाजारातून आणलेल्या. दुष्काळात देवही समजून घेतो. जाऊ समजून घेईल का, याची शिवकांताला खात्री नव्हती, पण शंकरप्पाची गुरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, ते एक बरं होतं.

शिवकांतानं नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेऊन महिना झाला होता. लातूरच्या उन्हात बसून ती बर्फाची तयारी करत होती. शेजारणी विचारायच्या, “कोणाचं हो?” आणि ती सांगायची, “ह्यांचं. बाहेर जायचंय ना.” तीन महिने नवरा परदेशात ही गोष्ट सांगायला जितकी चांगली, तितकी प्रत्यक्षात असेल की नाही याचा तिनं विचार केला नव्हता. एक बाही व्हायची राहिली होती.

जीप अकराला आली. उतरली ती मार्टाबाई, पन्नाशीची, उन्हानं नाक भाजलेली, गळ्यात भिंग, हातात वही. मागून ड्रायव्हर निवृत्ती उकळलेल्या पाण्याचा डबा घेऊन उतरला. दुष्काळ बघायला येणाऱ्यानं आपलं पाणी आपण आणावं हे रीतीला धरूनच होतं.

“शरणार्थ,” मलप्पा हात जोडून म्हणाले. मार्टाबाईनंही हात जोडले. मन्मथ दोघांच्या मध्ये उभा राहिला. दिवसभर तो तिथंच उभा राहणार होता.

बाई थेट गव्हात शिरली. तिनं एक ओंबी बोटांत धरली, कुसळं उलट्या बोटानं चाचपली, भिंग लावलं. मग दुसरी ओंबी धरली, तिलाही भिंग लावलं. मन्मथच्या मानेवरून घाम खाली उतरला तो थेट पट्ट्यापर्यंत.

“पेरणीपासून किती पाणी दिलं, विचारतात,” तो म्हणाला.

“पानी?” मलप्पा म्हणाले. “पानी असतं तर तुला कामून बोलावलं असतं, माय?”

मन्मथनं इंग्रजीत सांगितलं की शेतकऱ्यानं प्रकल्पाच्या सर्व सूचना काटेकोर पाळल्या.

बाईनं शेजारच्या ढेकळांकडं बोट केलं. मन्मथनं सांगितलं की दुर्दैवानं स्थानिक वाण दुष्काळापुढं टिकू शकलं नाही.

“काय म्हनतीय ती?” जगदेवीनं विचारलं.

“तुजी तारीफ करायलीय, आत्या.”

“मग मान खाली घालून कामून सांगतोस?”

याचं भाषांतर करायची गरज नव्हती. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा एकदा त्या काळ्या कुसळांकडं बघितलं, आणि म्हणाली, “सुंदर गहू आहे.” हे तेवढं मन्मथनं जसंच्या तसं सांगितलं.

*

मग शंकरप्पानं आंबिलीची गाडगी उचलली आणि पिकाभोवती फेरी झाली. आंबील शिंपडत, मोठ्यानं ते कानडी-मराठी बोल म्हणत, ज्यांचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही पण चुकलेला शब्द सगळ्यांना कळतो. बाईही मागून फिरली. पाटीपाशी आल्यावर शंकरप्पानं पाटीवरही चार थेंब टाकले. पीक देणारा देव आणि बोर देणारी पाटी, आज दोघांनाही नाराज करून चालणार नव्हतं.

पंगत कोपीपुढं बसली. बाजरीचे वाफवलेले उंडे, भज्जी, खीर, आंबील. बाई मांडी घालून बसली आणि हातानं जेवायला लागली. ते बघून मलप्पा विरघळले. “ही आपल्यातलीच हाय,” असं त्यांनी दोनदा जाहीर केलं. दुसऱ्या वाढपाला बाईनं वहीतून एक कागद काढला.

मन्मथनं कागद ओळखला. प्रकल्पाचा करार. त्याचा मराठी तर्जुमा त्यानंच कचेरीत बसून केला होता आणि त्यावर अप्पांची सही त्यानंच घेतली होती.

बाई बोलली. मन्मथ म्हणाला, “बोरची गाडी सोमवारी येईल म्हणतात.”

शंकरप्पा उठून उभाच राहिला. “सोमवारी? ह्याच सोमवारी?” शिवकांताच्या हातातला डाव भज्जीत तसाच राहिला. मलप्पांनी डोळे मिटून गळ्यातल्या लिंगाला हात लावला. जगदेवीसुद्धा हसली. तिनं बाईच्या ताटात न विचारता आणखी खीर घातली.

बाई पुढं बोलत होती. बोट कागदावर होतं, अकराव्या कलमावर. मन्मथचा घास तोंडातच राहिला. तर्जुमा करताना त्यानं हे कलम पानाच्या तळाशी बारीक अक्षरात घातलं होतं आणि विसरून गेला होता. नापास झाल्यावर काय करायचं याची त्यानं वर्षभर तयारी केली होती. पास झाल्यावर काय करायचं हे खात्यात कुणी वाचतच नाही, कारण ती वेळ येत नाही.

“सांग की,” मलप्पा म्हणाले.

“यशस्वी झालेलं पीक…” मन्मथ अडखळला. “ते सगळं बियाण्यासाठी प्रकल्प घेऊन जाणार. चाळीस गावांत वाटायला. उद्यापासून राखणदार बसवतील. काढणी तेच करतील. करारात आहे की घरी…”

“काय घरी?”

“एक ओंबीसुद्धा घरी न्यायची नाही.”

उभा राहिलेला शंकरप्पा परत खाली बसला.

“कुठलं पीक?” जगदेवीनं विचारलं. मन्मथ ताटातला उंडा मोडत बसला, म्हणून तिनंच उत्तर दिलं. “पाटी लावलेलं.”

*

घरातली माणसं पाणी आणायच्या निमित्तानं एकेक करून कोपीमागं गेली. बाई ताटावर एकटी राहिली, तिला निवृत्तीनं उंडे मोडून खायचे कसे हे शिकवायला घेतलं.

“तुला ठाऊक होतं?” मलप्पांनी दातओठ खाऊन विचारलं.

“विसरलो, अप्पा.”

“तूच लिवलं आनि तूच विसरला? अन् माजी सही घेतली ती?”

“तुमीबी वाचलं न्हाई की.”

“मी कामून वाचू? पोरगं अधिकारी हाय म्हनून सही केली!”

शिवकांता मध्ये पडली. “मामंजी, चिडू नका. बियाणंच ना? बाजारात मिळतंय की. बोर झाली तर बागायत होईल. एका गव्हासाठी सगळं घालवायचं का?”

“हाव, वहिनी बरोबर म्हनतीय,” शंकरप्पा म्हणाला. सकाळपर्यंत वहिनीचं एकही म्हणणं त्याला पटत नव्हतं, पण बोरच्या गाडीनं दोघांना एका गाडीत बसवलं होतं. “आनि आत्या, तू घाबरू नको. राखनदार काय, गावातलाच असंल. त्याला दोन भाकरी घातल्या की झोपतो. चार पेंड्या मी काढून आनतो. कोनाला मालूम होतंय?”

“आपल्याच रानात चोरी करतोस?”

“आपलीच वस्तू हाय, चोरी कशी?”

“चोरलेलं बी पेरत न्हाईत, शंकर,” जगदेवी म्हणाली. “बी मागून आनावं, न्हाईतर घरचं असावं. मी सासरहून आनलं तेबी सासूम्होरं पदर पसरून आनलं होतं. तिनं मूठ टाकली आनि म्हनली, एवढ्यावर तुजा हक संपला. मी गाठ मारली.”

मलप्पा तिच्याजवळ गेले. “अक्का, ऐक माजं. पानी येईल. पोरांची पोरं पानी पितील.”

“येऊ दे की पानी. मी न्हाई म्हनते का? आनि पेरशील काय?”

“देतील ते बी.”

“कधी? दिवाळीनंतर?”

मलप्पा रिकाम्या विहिरीकडं बघायला लागले. बहिणीपुढं त्यांना उभ्या जन्मात उत्तर सुचलं नव्हतं, त्यामुळं त्याचं नवल नव्हतं. पण आज तिनं विचारूच नये असं त्यांना आतून वाटत होतं, आणि ह्याची त्यांना लाज वाटली. बोर हवी होती आणि बहीण गप्प राहायला हवी होती, दोन्ही एकदम. शंकरप्पानं आणि शिवकांतानं ते तोंडानं म्हटलं, त्यांनी म्हटलं नाही, एवढाच फरक.

“मी बोलत न्हाई काई,” जगदेवी म्हणाली. “पोराच्या पोटावर पाय देत न्हाई मी. पाटी तुमची, गहूबी तुमचाच झाला. पन मला बी पायजे.”

ती कोपीच्या पुढं गेली.

*

मन्मथ मागोमाग आला तेव्हा जगदेवी बाईपुढं उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर काढून दोन्ही हातांत धरला होता, आणि पसरला होता.

“हिला सांग,” ती म्हणाली. “म्हनावं, गहू तुमचा हाय. लई चांगला हाय. त्यातलं तीन पायली बी मला द्या. मी मागते.”

“आत्या, पदर घे डोक्यावर.”

“सांग तू.”

मन्मथनं सांगितलं. सकाळपासून त्याचं इंग्रजी चांगलं चाललं होतं, आता एकेक शब्द शोधावा लागत होता. बाई हातातला घास ताटात ठेवून ऐकत होती. तिनं पदराकडं बघितलं, मग मन्मथकडं. बोलली ती सावकाश, मोजून, आणि नजर त्याच्यावरून हलवली नाही.

“काय म्हनली?”

“म्हणतात… मिळेल. शेतकऱ्यांना मिळेल. पण अर्ज करावा लागेल. आणि…”

“आनि?”

“जमीन स्वतःच्या नावावर पाहिजे. सातबारा लागतो.”

जगदेवीचा पदर तसाच पसरलेला होता. चाळीस वर्षं तिनं ह्या रानात खुरपलं, निंदलं, काढलं. ह्या रानाचा एक बांधही तिच्या नावावर नव्हता, आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं.

“तूच सांग रे मन्मथ,” ती अगदी साधेपणानं म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. “माझ्या नावावर काय काय हाय? तू कागद बगतोस. काय असलं तर सांग तिला.”

शिवकांता धावत पुढं आली. तिनं आत्याचे दोन्ही हात धरले आणि पदर गोळा करून तिच्या डोक्यावर घातला. स्वेटर, परदेश, शेजारणी, सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यातून पुसून गेलं. “अहो, बोला ना!” ती नवऱ्यावर ओरडली. “तोंड शिवलंय का तुमचं?”

मन्मथला आठवलं ते काही मोठं नव्हतं. आई गेली त्या वर्षी तो तापानं पडला होता आणि आत्या ह्याच गव्हाची पातळ खीर चमच्यानं पाजत होती. खीर आजही पानात होती. त्याला रडू आलं, आणि अधिकाऱ्यानं बाईमाणसासमोर रडू नये म्हणून तो बोलायला लागला. त्याच्या इंग्रजीची नेहमीची लांबलचक, कचेरीतली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. चारचार शब्दांचीच निघाली. हा गहू प्रकल्पाचा नाही. हा हिचा आहे. तुमचं बी उशिरा आलं. ते मेलं. पाट्या मी बदलल्या.

मार्टाबाईनं मान हलवली. “माहीत आहे,” ती म्हणाली. “आमचं वाण गुडघ्यापर्यंतच वाढतं. त्याला काळी कुसळं नसतात. मी तीस वर्षं गहू बघते आहे.”

“मग… सकाळीच का बोलला नाहीत?”

बाईनं नाकावरची भाजलेली कातडी खाजवली. “दोन वर्षं झाली. चाळीस गावं झाली. मलाही कुठंतरी अहवाल द्यायचा असतो. हिरवं असं हे एकच सापडलं.” मग हळूच म्हणाली, “कलम वाचून दाखवल्यावर तरी तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही बोलला नाहीत.”

म्हणजे ह्या देशानं खोटी पाटी लावली आणि त्या देशानं ती खरी मानली. दोन वर्षांत इतकं मनापासून सहकार्य दुसऱ्या कशात झालं नव्हतं.

“आता मला खरं लिहावं लागेल,” बाई म्हणाली. “बोर मिळणार नाही. आणि तुमच्या साहेबांना कळेल.”

मन्मथनं घरच्यांना हे सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

“गेली!” शंकरप्पानं डोक्याला हात लावला. “सोमवारची बोर गेली! आत्या, तीन पायलीपायी…” त्याचा राग खोटा नव्हता. उन्हाळाभर कोस कोस पाणी त्यालाच वाहायचं होतं.

“गेली,” मलप्पा म्हणाले. ते उठले, गव्हापर्यंत गेले आणि मोठी पाटी धरून हलवायला लागले. मन्मथनं सकाळी चांगली घट्ट रोवली होती. त्यांच्या एकट्याच्यानं निघेना. शेवटी शिव्या देत देत शंकरप्पाच गेला आणि दोघांनी मिळून ती उपटली. अर्धा एकर बहिणीच्या नावावर करून टाकावा, असं मलप्पांच्या मनात येऊन गेलं. पण ते बोलले नाहीत. एका येळवशीला एवढा सत्याचा उमाळा पुरे होता.

जाण्याआधी बाई पुन्हा जगदेवीसमोर आली. ह्या वेळी तीच जरा वाकून उभी राहिली.

“आत्या, त्या विचारतात…” मन्मथ म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या ओठांवर हसू आलं. “काढणी झाल्यावर ह्या गव्हाचं ओंजळभर बी त्यांना मिळंल का?”

जगदेवीनं बाईला वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही.

“विचार तिला, जमीन हाय का तिच्या नावावर?”

मन्मथनं विचारलं. मार्टाबाई इतकी हसली की निवृत्ती जीपमधून उतरून बघायला आला. “नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “भाड्याचं घर आहे. एकटीच असते.”

“मग आपन दोघी सारख्याच,” जगदेवी म्हणाली. “शिमग्याला ये म्हनावं. देते ओंजळभर. अर्ज नगं, काई नगं. मागितलंस, तेवढं पुरं.”

बाईनं वहीत ‘शिमगा’ लिहून घेतलं आणि जीप औशाच्या रस्त्याला लागली. शंकरप्पा पाटी पालथी घालून तिच्यावर बसला होता. शिवकांता कोपीत जाऊन पिशवीतला स्वेटर चाचपून आली. किनवटला थंडी असते, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. बाही पुरी करायला हरकत नव्हती.

मन्मथ एकटाच बांधावर उभा होता. मलप्पांनी त्याचं अर्धवट ताट उचलून त्याच्यापुढं आणून ठेवलं, आणि वरून स्वतःच्या हातानं खीर वाढली.

“बूट काढ, बस आनि पोटभर जेव,” ते म्हणाले. “किनवटला येळवस नसती.”